दाढीला इस्त्री करता का भो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर स्वतःच्या दाढीवर एवढं लिहीत बसणं काही बरं दिसत नाही. जळगाव जिल्ह्यात चोपड्याला माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, दिवसभर काउंटरवर नळ्या, फिल्टर, जॉइनर हेच चालू असतं, आणि समोरचा माणूस लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, भाव विचारता विचारता मध्येच माझ्या हनुवटीकडे बघतो आणि म्हणतो, भो, ही दाढी ओरिजनल अशी सरळ आहे का काही करता? लग्नात विचारतात, एसटीत विचारतात, एकदा पेट्रोल पंपावर मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवायचं सोडून हेच विचारलं. तर नाही, ओरिजनल नाहीये, तापवून सरळ केलेली आहे. ओरिजनल दाढी म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी. उजवी बाजू खाली वाढते, डावी बाजू कानाकडे परत निघते आणि हनुवटीखाली एक भोवरा आहे, तिथले केस कुठे निघालेत ते त्यांनाच माहीत नाही.

डोक्याचे केस माझे चांगले गुपचूप बसतात, दाढीच तेवढी अशी. दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड असतो आणि नीट गोल पण नसतो, कापून आडवा बघितला तर चपटा, वाकडातिकडा. त्यात कातडीखाली ज्या पिशवीतून तो उगवतो ती वाकडी असली की केस वळत वळतच बाहेर येतो. म्हणजे तेल लावून, दाबून, रात्री रुमाल बांधून झोपून काही होत नाही. हे सगळं मी केलेलं आहे. रुमाल बांधून झोपल्यावर सकाळी दात दुखल्यासारखा दिसतो माणूस, बाकी काही नाही.

आता मूळ किस्सा. मे महिना, चुलतभावाचं लग्न, अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. हळदीचा दिवस, फोटोग्राफर येऊन उभा, आणि मी नुकतीच आंघोळ करून आलेलो, दाढी ओली, आणि ओल्या दाढीवर आधीच खोबरेल तेल चोपडलेलं. वहिनींचं केसांचं स्ट्रेटनर खाटेवर तापत पडलं होतं. मी ते उचललं तर वहिनी म्हणाल्या पण, भाऊजी, ते दोनशे दहावर आहे हां, बायकांच्या लांब केसांचं आहे ते. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. आजी ओट्यावर बसून बघत होती, ती म्हणे, "दाढीले इस्तरी करस का रे? मंग कांजी बी लाई ले!" सगळे हसले, मी पण हसलो आणि हसता हसताच पट्टी दाढीवर दाबली.

चर्र झालं. म्हणजे तव्यावर पाण्याचा हात झटकल्यावर होतं तसं. मग धूर, मग तो वास, जो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. मी दचकून हात ओढला तर पट्टीची कड जबड्याच्या हाडावर टेकली, बोटाच्या पेराएवढा लाल पट्टा. कोणी टूथपेस्ट घेऊन धावलं, कोणी म्हणे हळद तयारच आहे, तीच लावा, आणि लावली पण. अल्बममध्ये बघा, नवरदेवापेक्षा माझ्या हनुवटीला हळद जास्त आहे.

ते दोन्ही चुकीचं होतं बरं का. भाजलं की टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ पण नाही. नळाच्या साध्या गार वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं, घड्याळ लावून 20. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी नळातून चहा करायच्या लायकीचं येतं हा भाग वेगळा, तेव्हा माठातलं पाणी तांब्या तांब्याने ओता. फोड आला, किंवा जखम डोळ्याच्या, ओठाच्या जवळ असली तर सरळ डॉक्टर गाठा.

दोन दिवसांनी चौकातल्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, नुसता जळलेला झुपका चिमटीत धरून चोळला आणि त्याचा भुगा झाला, भाजलेल्या पापडाचा होतो तसा. मग ट्रिमरला तीन नंबर लावला आणि पाच सेंटीमीटरची दाढी पाच मिनिटांत जमिनीवर. दाढी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढते, तर हिशोब करा, दिवाळी गेली तिथपर्यंत यायला.

या काळात मला एकच गोष्ट डोक्यात बसत नव्हती. सुती शर्टावर आपण पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो, चुरगळलेला शर्ट मस्त सरळ होतो, मग दाढीला ओली असताना फिरवली तर काय बिघडलं? आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे काम एकच चाललेलं असतं. सुताच्या धाग्यात आणि केसात दोन्हीत बारीक बारीक हायड्रोजनचे बंध असतात, ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि गार झाल्यावर जिथे असतील तिथे परत जुळतात. म्हणून वळलेला केस तापवून ताणला आणि तसाच गार होऊ दिला की सरळ राहतो. पण कापडातली वाफ चहूबाजूंनी निघून जाते. केसाला बाहेरून खवल्यांचं घट्ट साल असतं. भरताचं वांगं आपण भाजायच्या आधी का टोचतो? नाही टोचलं तर आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नाही, मग फटकन फुटतं. ओल्या केसावर दोनशे डिग्रीची पट्टी ठेवली की एकेका केसाचं तसंच होतं. आत वाफेचे बुडबुडे तयार होतात, केस तिथे पोकळ होतो आणि मग मोडतो. तुम्हाला ती चर्र ऐकू आली ना, ती हीच. इतकी वर्षं हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतोय आम्ही, आणि मला हे दाढी जाळल्यावर कळलं.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष वाळवण्यावर. लोक विचारतात मशीन कोणतं, कंपनी कोणती, केवढ्याला घेतलं. माझ्याकडे दाढीचा गरम ब्रश आहे, दातेवाला, दात्यांची टोकं गार राहतात म्हणून कातडीला चटका कमी बसतो, आणि त्यावर डिग्रीचा आकडा दिसतो. आकडा दिसणारं घ्या एवढंच सांगीन, नुसता लाल दिवा पेटणारं घेऊ नका, लाल दिव्यावरून 130 का 230 हे कळत नाही. मी 150 वर लावतो. दाढी फारच राठ असेल तर 170-180, त्याच्या वर दाढीचं काही काम नाही. नवीन असाल तर 120-130 पासून सुरू करा, नाही झालं तर वाढवता येतं, जळालेलं कमी करता येत नाही.

पण त्याच्या आधीचं ऐका. आमचं बोअरचं पाणी जड, साबण लावला की केसावर पांढरट चिकट थर बसतो आणि तो तापवला की दाढी झाडूसारखी होते. म्हणून साबण बंद, आठवड्यातून दोन-तीनदा साधा सौम्य शांपू. टॉवेलने घासायचं नाही, दाबून टिपायचं. मग ड्रायर मध्यमवर, हवा वरून खाली, गालाकडून हनुवटीकडे, आणि त्याच्याबरोबर कंगवा. खरं सांगू का, निम्म्याहून जास्त दाढी इथेच सरळ होते आणि काही दिवस मी इथेच थांबतो, ब्रश काढतच नाही. बोट घालून मुळापर्यंत बघायचं, हनुवटीखाली ओल राहतेच राहते. पूर्ण कोरडी झाली की हीट प्रोटेक्टंट म्हणून केसाला उष्णतेपासून जपणारं मिळतं त्याचा एक फवारा, तो पण सुकू द्यायचा. मग ब्रश, थोडे थोडे केस घेऊन, खालच्या थरापासून, मुळापाशी न टेकवता अर्धा बोट लांबून सुरू करून टोकापर्यंत सावकाश, एका जागेवरून एकदा, फार तर दोनदा. एका जागी धरून उभं राहायचं नाही. आणि मग सगळ्यात अवघड काम, एक-दोन मिनिटं दाढीला हात लावायचा नाही. गार होताना ती ज्या आकारात असेल तोच आकार धरते, तुम्ही तेवढ्यात कुरवाळलीत की झालं, परत वळली. ड्रायरला गार हवेचं बटन असेल तर ते याचसाठी असतं, मी वर्षभर ते बटन खराब आहे समजत होतो.

तेल सगळ्यात शेवटी. तीन-चार थेंब, तळहातावर चोळून. तापवायच्या आधी तेल म्हणजे दाढी तळणं, ते मी करून बघितलंय.

हे टिकतं किती? पाणी लागेपर्यंत. घाम, पाऊस, दमट हवा, काहीही. कारण मघाशी सांगितलं ते हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो, त्याच्या आत गंधकाचे जे पक्के बंध आहेत ते तर आपण हलवलेलेच नसतात. याच्यात आपला खानदेश फार बरा. तापमान 44-45 ला गेलं तरी हवा कोरडी, घाम येतो आणि लगेच उडतो, तोंडाला उपरणं गुंडाळून गाडीवर गेलं तरी संध्याकाळपर्यंत दाढी जागेवर. जुलैत एकदा कंपनीच्या मीटिंगला मुंबईला गेलो, जळगावहून रात्रीची गाडी, निघताना दाढी अशी की पट्टी लावून मोजावी. दादरला उतरलो आणि प्लॅटफॉर्मवरच्या वजनकाट्याच्या आरशात बघितलं तर घासणी परत आली होती. मीटिंगमध्ये कोणी काही विचारलं नाही. श्रावणात तर मी नादच सोडतो, आमची खानदेशची देवी कानबाई घरात बसते त्या रविवारी घरात इतके पाहुणे आणि हवेत इतकी ओल, आरशासमोर जागा मिळाली तरी उपयोग नाही.

बाकी फुटकळ. वाढ थांबते का? नाही, मूळ कातडीखाली असतं, बाहेरचा केस मेलेलाच असतो, त्याला इस्त्री करा का गाठ मारा, मुळाला पत्ता लागत नाही. पांढरे होतात का? त्याने नाही होत, पण पांढरे असतील तर जास्त उष्णतेने पिवळट पडतात, चाळिशीवाल्यांनी आकडा अजून खाली ठेवा. दाढी दोन सेंटीमीटरच्या आत आहे? मग राहू द्या, केस हातात येत नाही आणि कातडीच भाजते, पोरं ऐकत नाहीत ते सोडा. पुळ्या, खाज, सोलवटलेलं असेल तर तेवढे दिवस बंद. रोज करू नका, मी आठवड्यातून दोनदा, आणि लग्नसराईत जरा जास्त, कबूल.

आणि ते कायमचं सरळ करून देतो म्हणतात, केमिकलवालं, त्याला मी तरी नाही म्हटलं. केसांच्या असल्या काही औषधांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, आणि दाढी तर थेट नाकाखाली. शिवाय महिन्याभरात खालून एक सेंटीमीटर घासणी उगवणारच, वर सरळ खाली कुरळी, ते कसं दिसेल विचार करा.

बाबांना अजून हे पटलेलं नाही. पटावं असंही काही नाही, त्यांचा पन्नास वर्षांचा वस्तरा आहे आणि गुळगुळीत गाल. ते फक्त वीजबिल आलं की माझ्याकडे बघतात. मी त्यांना सांगून बघितलं की ब्रश दहा मिनिटं चालतो, तुमचा कूलर चोवीस तास. त्यावर ते म्हणाले, कूलरने घर गार होतं.

परवा सकाळी डावी बाजू झाली आणि लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, मग डबा उचलला आणि तसाच दुकानात गेलो, डावीकडून सरळ, उजवीकडून घासणी. मनात तयारी केली होती काय काय उत्तरं द्यायची. दुपारपर्यंत नऊ गिऱ्हाईकं आली. आठ जणांनी सोळा एमएमच्या नळीचा भाव विचारला, आणि नववा म्हणाला, भो, लाईट तुमच्याकडे पण गेली का?