छतं कधी बदलली? रिझर्व्ह स्टडीचा माझा अनुभव

सहा हजार तीनशे चाळीस डॉलर. एका घरामागे, एकरकमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या घरमालकांच्या असोसिएशनच्या रिझर्व्ह स्टडीचा (पुढच्या मोठ्या कामांसाठी किती पैसे साठवायचे त्या अभ्यासाचा) पहिला मसुदा हातात पडला, तेव्हा त्यातल्या तुटीला ११२ घरांनी भागून मी हा आकडा काढला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आकडा चुकीचा होता. पण तो चुकीचा आहे हे कागदावर दाखवायला दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. तुमच्या असोसिएशनच्या बोर्डावर तुम्ही असाल, तर निदान तुमचे तरी हे दोन महिने वाचावेत.

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. १९९६ साली बांधलेली टाउनहाउसेस, १४ इमारती, प्रत्येकीत ८ घरं. मी ट्रेझरर. माझे बाबा डोंबिवलीला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे सिंकिंग फंड हा शब्द शाळेत असल्यापासून कानावर आहे. तिकडे सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हिशोब सरळ: बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडाला, पाऊण टक्का दुरुस्तीला. इथे तसा ठरीव दर नाही. इथे सामाईक गोष्टींची यादी करायची. छतं, साइडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण), आतले रस्ते, कर्ब, माती धरून ठेवणारी रिटेनिंग वॉल, पावसाचं पाणी साठवायचं तळं, अगदी टपालपेट्यासुद्धा. प्रत्येकीचं किती आयुष्य उरलंय आणि बदलायला काय लागेल ते मांडायचं, आणि त्यावरून पुढच्या ३० वर्षांत दरवर्षी किती पैसे बाजूला टाकायचे ते काढायचं. हा झाला रिझर्व्ह स्टडी.

आमचा शेवटचा स्टडी २०११ चा. त्यानंतर कुणी विचारलं नाही, कुणी केला नाही. २४ जून २०२१ ला फ्लोरिडात सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. त्या इमारतीच्या २०२० च्या स्टडीत हव्या त्या रिझर्व्हच्या सात टक्केही रक्कम शिल्लक नव्हती, हे नंतर सगळ्यांनी वाचलं. न्यू जर्सीत ८ जानेवारी २०२४ ला गव्हर्नर मर्फींनी नव्या कायद्यावर सही केली. मागच्या पाच वर्षांत स्टडी झालेला नसेल तर वर्षभरात करा, आणि पुढे किमान दर पाच वर्षांनी. सामाईक मालमत्ता २५ हजार डॉलरच्या आत असेल तरच सुटका. म्हणजे आमची मुदत ८ जानेवारी २०२५.

स्टडी करणारा माणूस शोधण्याचं काम मार्चमध्ये सुरू केलं. राज्यातल्या शेकडो असोसिएशन्स त्याच वेळी त्याच माणसांच्या मागे होत्या, त्यामुळे नऊ ठिकाणी विचारल्यावर चार प्रस्ताव आले. कायद्याप्रमाणे स्टडी करणारा किंवा त्यावर देखरेख करणारा माणूस कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूटचं रिझर्व्ह स्पेशालिस्ट हे प्रमाणपत्र असलेला तरी हवा, नाहीतर परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. ते प्रमाणपत्र मिळवायला तीन वर्षांत किमान ३० स्टडी केलेले असावे लागतात, त्यामुळे ते नुसतं नावापुरतं नाही. सगळ्यात स्वस्त प्रस्ताव ३,४०० डॉलरचा होता. सगळ्यात महाग ९,८००, पण त्यात त्यांनी स्ट्रक्चरल तपासणीही घातली होती. ही तपासणी काँक्रीट, स्टील, विटांच्या भिंती अशा रचनेच्या इमारतींना लागू होते. आमची लाकडी फ्रेमची घरं, आम्हाला ती लागूच नव्हती. तुमच्याकडे असा जोड-प्रस्ताव आला तर आधी हे तपासा. आम्ही ५,६०० वाल्यांना काम दिलं. नमुन्याचा अहवाल स्वच्छ होता, आणि त्यांच्या दोन जुन्या असोसिएशन्सशी मी स्वतः फोनवर बोलले होते.

एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. पाहणीला कोण येणार?

करार झाल्यावर त्यांनी एक नऊ पानी फॉर्म पाठवला. त्यात प्रत्येक इमारतीपुढे छत बदलल्याचं वर्ष, कंत्राटदार, वॉरंटी, झालेला खर्च, असे रकाने. १४ ओळी, एकही मला भरता येईना. छतं बदललेली आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. २०१२ च्या सँडी वादळानंतर काही झाली, बाकीची पुढे कधीतरी. पण कुठली इमारत कुठल्या वर्षी? असोसिएशनचा कारभार बघणारी आमची मॅनेजमेंट कंपनी २०१९ मध्ये बदलली. नवीन मॅनेजर म्हणाला, जुन्यांनी दिलेल्या फाइलींत छतांचं काहीच नाही.

मग मी जुन्या कंपनीला लिहिलं. आठवडाभर उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा कळलं की संबंधित विभाग म्हणजे एकच व्यक्ती आणि ती रजेवर आहे. ऑगस्ट असाच गेला. फोन केला की एक मुलगी अतिशय गोड आवाजात माझं नाव आणि असोसिएशनचं नाव लिहून घ्यायची, दर वेळी नव्याने. अकराव्या ईमेलला दोन ओळींचं उत्तर आलं: सात वर्षांपूर्वीचे कागद आम्ही ठेवत नाही, तुमच्या मालकीचं जे होतं ते हस्तांतरणाच्या वेळी दिलं आहे. आमच्याच पैशांनी झालेल्या कामाचे आमचेच कागद! दोन्ही वेळच्या छतांची बिलं ह्याच लोकांच्या हातून चुकती झाली होती. ती दोन ओळींची ईमेल मी छापून ठेवली आहे.

(आता आठवलं म्हणून इथेच सांगते. मॅनेजमेंट कंपनीशी करार करताना किंवा नवा करताना, सगळे कागद असोसिएशनच्या मालकीचे आणि करार संपल्यापासून अमुक दिवसांत सगळे परत, असं कलम घालून घ्या. आमच्या जुन्या करारात नुसतं ‘आवश्यक कागद’ असं होतं. काय आवश्यक, ते त्यांनीच ठरवलं.)

शेवटी तो रकाना रिकामा ठेवून फॉर्म पाठवला. मनात म्हटलं, पाहणीला येतील तेव्हा त्यांना दिसेलच. सप्टेंबरमध्ये पाहणीला एक तरुण मुलगा आला. हुशार होता, नम्र होता, पण प्रमाणपत्र त्याच्या वरिष्ठाचं, त्याचं नव्हे. तीन तासांत १४ इमारती, रस्ते, तळं, सगळं जमिनीवरूनच बघून, फोटो काढून तो गेला. आणि महिन्याभरात मसुदा आला. त्यात १४ च्या १४ छतांचं वर्ष १९९६, उरलेलं आयुष्य शून्य. एका इमारतीच्या छताला ८० हजार, म्हणजे एकूण ११ लाख २० हजार डॉलर, आणि तेही पहिल्याच वर्षी. आमच्या रिझर्व्ह खात्यात ४ लाख १० हजार. तूट ७ लाख १० हजार.

तेव्हाच्या कायद्यात एक साधी कसोटी होती: ३० वर्षांत कुठल्याही टप्प्यावर खातं शून्याखाली जाता कामा नये. आमचं पहिल्याच वर्षी जात होतं. मॅनेजरने मसुदा बोर्डाला पाठवला, बोर्डातून तो कसा कुणास ठाऊक बाहेर गेला, आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी सहा हजारांचं स्पेशल असेसमेंट, म्हणजे घरामागे जादा एकरकमी वर्गणी. एका शेजाऱ्याने घर विकायला काढलेलं होतं, तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याचं भय खरं होतं. कर्ज देणारी बँक असोसिएशनचा रिझर्व्ह बघते, आणि असा मसुदा खरेदीदाराच्या हाती लागला तर व्यवहार मोडतो.

मी त्या फर्मला फोन केला आणि वरिष्ठांनी स्वतः यावं असा हट्ट धरला. ते आले. शिडी लावून तिसऱ्या इमारतीच्या पागोळीशी चढले, एका शिंगलची (छतावरच्या आच्छादनाच्या एका तुकड्याची) कड दोन बोटांनी अलगद उचलली आणि मला खालून दाखवली. खालची चिकटपट्टी अजून धरून होती, दाणे घट्ट होते, पन्हाळीत वाळूसारखा चुरा जेमतेम चिमूटभर. १९९६ च्या शिंगलचे दाणे एव्हाना झडून पन्हाळ भरली असती, ते म्हणाले. ‘हे छत दहा-बारा वर्षांचं वाटतंय.’ मग वाटतंय तर लिहा ना! तर म्हणे, इतक्या मोठ्या रकमेवर माझी सही आहे, अंदाजाने २८ वर्षांचं छत ११ वर्षांचं करता येणार नाही, एखादा कागद द्या. मला राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. हेच त्यांनी सप्टेंबरमध्ये येऊन सांगितलं असतं तर?

आता कागद आणायचा कुठून? इथे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट आहे, आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखा. टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला अर्ज करायचा, कामाच्या सात दिवसांत उत्तर यायला हवं. मी असोसिएशनच्या पत्त्यावर घेतलेल्या छताच्या परवान्यांची मागणी केली. सातव्या दिवशी उत्तर: असे कोणतेही परवाने आढळले नाहीत. त्या संध्याकाळी मी खरंच हरले होते.

शेजारचे काका १९९८ पासून इथे राहतात. त्यांना सहज विचारलं तर म्हणाले, “अगं, छताचं काम चालू होतं तेव्हाच तर आमचा गणपती आला होता. दारात हा मोठा कचऱ्याचा डबा, मूर्ती आत न्यायला वाट नव्हती.” लगेच आयपॅड काढून फोटो शोधला. काकू ओवाळताहेत, मागे डंपस्टर, आणि वर छतावर दोन कामगार काळा कागद अंथरताहेत. फोटोवर तारीख ९ सप्टेंबर २०१३. सहावी इमारत.

“काका, हा फोटो मला पाठवाल?”

“पाठवतो. पण काकूंचा चेहरा नीट आलेला नाही हं, तेवढं सांभाळ.”

दुसऱ्या दिवशी टाउनशिपमध्ये स्वतःच गेले. फोटोची तारीख सांगितली तेव्हा खिडकीपलीकडच्या बाईंनी एक गोष्ट समजावली, जी आधी कुणी सांगितली असती तर महिना वाचला असता: अशा ठिकाणी परवाना बऱ्याचदा असोसिएशनच्या पत्त्यावर नसतो, त्या इमारतीतल्या पहिल्या घराच्या पत्त्यावर असतो. मी तिथेच १४ पत्ते लिहून नवा अर्ज दिला. सहाव्या दिवशी पीडीएफ आल्या. आठ इमारती २०१३, सहा इमारती २०१६, प्रत्येकीवर कंत्राटदाराचं नाव, रक्कम, अंतिम तपासणीचा शिक्का. मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅस बंद केला आणि सगळ्या पुन्हा एकदा मोजल्या. चौदा.

सुधारित अहवाल १९ डिसेंबरला आला. २५ वर्षांच्या आयुष्याने पहिली आठ छतं २०३८ ला, उरलेली सहा २०४१ ला. रिझर्व्हमध्ये वर्षाला ९६ हजार टाकत होतो, ते १ लाख ५२ हजारांवर न्यायला सांगितलं. वाढ तरीही आहेच, आणि ती योग्यच आहे असं मी बोर्डाला ठामपणे सांगितलं. इतकी वर्षं आपण कमी टाकत होतो. वाढ आदल्या वर्षी घरमालकांकडून घेतलेल्या एकूण आकारणीच्या १० टक्क्यांहून जास्त होत होती, म्हणून ती टप्प्याटप्प्याने करायची मुभा होती. चार वर्षांत विभागली. घरामागे दर वर्षी महिन्याला साधारण साडेदहा डॉलरची भर.

आता जे जे आठवतंय ते. करार करण्याआधीच त्यांचा माहितीचा फॉर्म मागून घ्या, सही नंतर. फॉर्म बघितला की आपल्याकडे काय नाही ते कळतं, आणि पळापळ घड्याळ सुरू होण्याआधी करता येते. पाहणीला प्रमाणपत्रवाला माणूस स्वतः येणार का, किती तास, छतावर चढणार का, हे लेखी घ्या. मसुद्यानंतर किती दुरुस्त्या फीमध्ये धरल्यात तेही विचारा; आमची एक धरलेली होती, दुसरीचे ४५० डॉलर वेगळे पडले. पीडीएफबरोबर एक्सेल फाइल मागा, म्हणजे पुढच्या वर्षी डांबराचा भाव बदलला तर स्वतः घालून बघता येतं. दुरुस्तीची कंत्राटंही घेणाऱ्या फर्मला स्टडी देऊ नका. मसुदा बोर्डाबाहेर जाऊ देऊ नका, त्याच्या प्रत्येक पानावर ‘मसुदा’ असं मोठ्या अक्षरांत टाकून घ्या.

आणि मास्टर डीड (काय घरमालकाचं आणि काय असोसिएशनचं हे ठरवणारा मूळ दस्त) स्वतः वाचा. आमच्या यादीत मागचे डेक नव्हतेच. मी वाचलं तर फळ्या घरमालकाच्या, पण खालचा सांगाडा असोसिएशनचा. ११२ डेकचे सांगाडे! ते दुसऱ्या दुरुस्तीत घातले. १ लाख ५२ हजारांत ते धरलेले आहेत, म्हणून तर तो आकडा मला पटतो.

जानेवारीच्या सभेत क्लबहाउस भरलं होतं. मी परवान्यांच्या १४ प्रती एकेका इमारतीच्या नावाने टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. लोक येऊन आपल्या इमारतीचा कागद उचलून बघत होते. चौथ्या इमारतीतल्या एक आजी काठी टेकत पुढे आल्या, कागद डोळ्यांजवळ धरून २०१३ हे वर्ष वाचलं आणि मला विचारलं, म्हणजे ते सहा हजार नाहीत ना? मी म्हटलं, नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि जागेवर जाऊन बसल्या.