खोडदची दुर्बीण: मंगळ परवडला, नारायणगावचा रिक्षावाला नाही

आत्ताच घरी पोचलोय, पाय सुजलेत, त्यामुळे चिडचिड जास्त वाटली तर समजून घ्या.

"पुण्याजवळच आहे रे, दीड तास" असं सांगणारा मित्र बहुतेक पहाटे तीनला गेला असणार. २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, जीएमआरटी म्हणजे खोडदची रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण सगळ्यांना बघता येते म्हणून नाशिक फाट्यावरून सकाळी सातची एसटी धरली आणि चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास एकाच कंटेनरचं मागचं टायर बघत बसलो. सहाच्या आत चाकण पार करा, नाहीतर जाऊच नका. नारायणगावला उतरलो तर खोडदपर्यंतच्या दहा-बारा किलोमीटरला रिक्षावाल्याने सहाशे मागितले, वर म्हणतो कसा, "आज दुर्बिणीची जत्रा आहे ना!" ऊन बघून गपचूप दिले. मूर्खपणा.

आत गेल्यावर मात्र राग विसरलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या वाय आकारात लांबवर पसरलेल्या. मला वाटायचं पत्रा असेल, तर ती बारीक तारेची जाळी, आरपार आभाळ दिसतं.

मी गेलो होतो ते शियापारेलीसाठी. युरोपचा हा लँडर १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरत होता आणि त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण सिग्नल खोडदला ऐकत होते. कंट्रोल रूम म्हणजे मोठा पडदा, टाळ्या, मिठ्या असं डोक्यात होतं. प्रत्यक्षात मॉनिटर, खुर्च्या, चहाचे कप. तिथल्या एकाने नीट समजावलं की बघायची असते फक्त सिग्नलची एक रेघ, लँडरचा वेग बदलला की ती सरकते, पॅराशूट उघडल्याचंही तिच्यावरूनच कळतं. त्या रात्री लँडर उतरायच्या साधारण ५० सेकंद आधी ती रेघ गेली. आणि मंगळावरून सिग्नल यायला जवळपास १० मिनिटं, उतरायला सहाच, म्हणजे इथे लोक रेघेकडे डोळे लावून बसले होते तेव्हा तिकडे सगळं आटोपलेलं होतं! नंतर कळलं, सेन्सरच्या गोंधळामुळे कॉम्प्युटरला वाटलं आपण जमिनीच्याही खाली पोचलो, मग पॅराशूट लवकर सोडलं, इंजिनं तीनच सेकंद चालली आणि लँडर जवळपास पावणेचार किलोमीटरवरून दगडासारखा पडला. हे ऐकताना मागे शाळेची पोरं खायच्या सोड्याचा ज्वालामुखी फोडत होती.

मोबाईल बंद ठेवावा लागतो, त्याच्या लहरी दुर्बिणीला त्रास देतात. ग्रुपने जाणार असाल तर भेटायची जागा आधीच ठरवा, आमच्यातला एक तासभर हरवला होता. टोपी आणि पाणी न्याच, सावली नावालाच आहे. इतर दिवशी जायचं तर आधी परवानगी काढा, गेटवर हुज्जत घालून उपयोग नाही.

परत येताना कुणीतरी शेअर जीप दाखवली. नारायणगावपर्यंत माणशी चाळीस. चाळीस!