बिघडी गयं का?

"दादा, बिघडी गयं का?"

स्क्रीनवर लाल अक्षरं आली आणि त्या पोरानं कीबोर्डवरून हात असा उचलला, जणू चटका बसला. दिवसभर चोपड्यात केळीचे घड वाहतो, संध्याकाळी माझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतो.

बिघडलं काहीच नव्हतं. फॉर लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या आज्ञेच्या, खालच्या ओळीआधी मोकळी जागा सोडायची राहिली, एवढंच. पायथनला ते खपत नाही. (१९९१ पासून हाच हट्ट!) माझ्याकडून रोज होतं हे.

जागा सोडली. साताचा पाढा सरसर उमटला.

तो हसलाही नाही. ती जागा मुद्दाम खोडून त्यानं पुन्हा एरर आणला, परत घालवला. तीनदा.

चुकलं की मजुरी कापली जाते, एवढंच आजवर बघितलेल्या पोराला आणखी काय तपासायचं असेल?