तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन मधेच बंद पडलं की डाव गेला का?

जुन्या कॉम्प्युटर चेसबद्दल बोलायला लागलो की हा प्रश्न येतोच, की तेव्हाच्या स्पर्धांत डाव चालू असताना मशीन बंद पडलं तर काय, हरले धरायचे का? तर नाही, लगेच नाही. अमेरिकेत एसीएम या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या स्पर्धा व्हायच्या त्यात टूर्नामेंट डायरेक्टरला विचारून आपल्या वेळेचं घड्याळ थांबवता यायचं, पण मोजक्या वेळा आणि मोजकी मिनिटं. नंतर मशीन उठो न उठो, घड्याळ चालू.

आता मुळात मशीन बहुतेक वेळा हॉलमध्ये नसायचंच. १९७० ला न्यूयॉर्कच्या हिल्टन हॉटेलात पहिली स्पर्धा झाली, सहा प्रोग्राम होते आणि जिंकला चेस ३.०, तो चालत होता तिकडे शिकागोजवळ नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या सीडीसी ६४०० या मेनफ्रेमवर, म्हणजे अवाढव्य कॉम्प्युटरवर. १९७४ ला स्टॉकहोमला कॉम्प्युटरांची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप कैसा या सोव्हिएत प्रोग्रामने चारपैकी चार डाव जिंकून मारली आणि कैसा बसलेली मॉस्कोत, चाली फोनवरून. म्हणजे बिघडायला जागा किती बघा, मेनफ्रेम, तिची सिस्टिम, फोनची लाईन, आणि पटाशी बसून चाली कळवणारा माणूस, त्याने एक आकडा चुकीचा कळवला तरी संपलं.

पण माझ्या मते बंद पडणं हा छोटा त्रास, खरा त्रास परत सुरू करण्यात. पोझिशन पुन्हा हाताने भरायची, आणि बुद्धिबळात सगळंच काही पटावर दिसत नाही ना, राजा आधी हलून परत आलाय का म्हणजे कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) चालेल की नाही, हीच पोझिशन आधी किती वेळा येऊन गेलीय, हे नुसत्या सोंगट्या मांडून मशीनला कळणार कसं? शिवाय आधीच्या चालींत जे शोधून मेमरीत ठेवलं होतं ते गेलं. मग पोझिशन तीच, प्रोग्राम तोच, आणि उत्तर भलतंच.

आणि बिघाडाची इतकी सवय झाली की चांगली चालसुद्धा बिघाड वाटायची. १९७७, टोरंटो, कैसा विरुद्ध डचेस हा अमेरिकन प्रोग्राम. वजिराचा शह आला आणि कैसाने चौतिसाव्या चालीला हत्ती मधे घातला, चक्क फुकटात. हॉलमध्ये माजी जगज्जेता बोटविनिक होता, तोही चक्रावला, सगळ्यांना वाटलं प्रोग्राममध्ये बग आहे. कैसा तो डाव हरली. नंतर तिलाच विचारलं की बाई, राजा बाजूला का नाही घेतलास, तर तिने दाखवलं, राजा जी-७ या घरात गेला असता तर डचेस एफ-८ ला वजिराचा बळी देऊन मातच करते! एवढ्या जाणकारांत कुणाला दिसलं नव्हतं. माझा सगळ्यात आवडता किस्सा हा, कारण यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

पुढे मशीन सुधारली, लाईन तीच. १९९५ ला हाँगकाँगमध्ये आयबीएमच्या डीप ब्लू या चेस मशीनचं प्रोटोटाइप फ्रिट्झ या प्रोग्रामशी खेळत होतं, मशीन तिकडे न्यूयॉर्क राज्यात आयबीएमच्या लॅबमध्ये, बाराव्या चालीनंतर कनेक्शन गेलं. तुटायच्या आधी ते प्यादं जी-३ ला ढकलायच्या बेतात होतं, रिस्टार्ट झाल्यावर कॅसलिंग केलं. ३९ चालींत हरलं, आणि समोर फ्रिट्झ एका पीसीवर. यावरून लोक म्हणतात लाईनने घात केला. थोडाफार केलाही असेल, पण सोळाव्या चालीला प्यादं सी-४ ला ढकलून फ्रिट्झच्या काळ्या वजिराला आपल्या राजाच्या बाजूला एच-४ वर बोलावून घेतलं ते त्या मशीननेच, फोन चांगला चालू असताना.