पंधरा भागिले सव्वीस

रविवार, रात्रीचे साडेअकरा

ताईकडचा सत्यनारायण आटोपून घरी आले तेव्हापासून एकच वाक्य डोक्यात किरकिरतंय. झोप येण्याची चिन्हं नाहीत, म्हणून वही काढली.

झालं एवढंच. शिऱ्याचे द्रोण भरता भरता ताईने स्वयंपाकघराचं दार पायाने लोटलं आणि म्हणाली, "ओंकारशी जरा बोल. शुक्रवारपर्यंत स्पेशलायझेशनचा फॉर्म भरायचाय आणि हा एचआर धरून बसलाय. तू सांगितलंस तर ऐकेल."

मला क्षणभर बरं वाटलं. भाचा मावशीच्या वाटेने, कंपनीत माणसांची भरती, पगार, राजीनामे बघणाऱ्या खात्यात, निघाला वगैरे. म्हटलं, "सांगते ना, काय काय करावं लागतं ते."

"तसं नाही गं. घेऊ नकोस म्हणून सांग. तुझ्या तोंडून आलं की पटेल त्याला." मग माझा चेहरा बघून एका द्रोणात दोन बेदाणे जास्तीचे टाकले आणि म्हणाली, "तुझं वेगळं आहे."

तुझं वेगळं आहे. वेगळं म्हणजे काय? माझं आता काही होण्यासारखं नाही, असं? व्यसनमुक्ती केंद्रात दारू सोडलेल्या माणसाला बोलायला बोलावतात, तसं मला आज बोलावलं होतं. बघा, हिच्यासारखं होऊ नका. चोवीस वर्षं नोकरी करून मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात इशारा झाले.

ताईला दोष देत नाही. भावजींच्या कंपनीत काय झालं ते मला माहीत आहे, आणि तिथे राजीनाम्याचा कागद पुढे सरकवणारी बाई कोण होती तेही. पण ती बाई मी नव्हते ना. की ताईला तिच्या जागी मीच दिसते?

गॅलरीत ओंकार फोनवर काहीतरी बघून हसत होता. मला दाखवलं. एक मुलगी ऑफिसच्या दारात रांगोळी काढतेय, तेवढ्यात फोन वाजतो, ती हात झटकून आत जाते, कुणालातरी नोकरीवरून काढते आणि परत येऊन रांगोळीत रंग भरायला लागते. म्हणे एचआर म्हणजे रांगोळी आणि राजीनामे. तो म्हणाला, "मावशी, खरंच असं असतं?" मी हसले. काय सांगणार? खंडेनवमीला कारखान्याच्या शॉपमध्ये प्रेस मशीनसमोर मी स्वतः ठिपक्यांचा कागद घेऊन बसलेय. आणि दुसरंही केलंय.

मग त्याने विचारलं, "तू का घेतलं होतंस?"

मी म्हटलं, "मला माणसांची आवड होती."

हे मी बोलले! मी! इंटरव्ह्यूला येणारं प्रत्येक पोर हेच म्हणतं. 'मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं, म्हणून एचआर.' इतक्या वेळा ऐकलंय की शीटच्या कोपऱ्यात मी नुसतं 'मा.आ.' लिहिते. माणसांची आवड. मा.आ. लिहिलेल्यांपैकी निम्मी मुलं सहा महिन्यांत माणसांना कंटाळतात, उरलेली एक्सेलमध्ये रमतात. आणि आज गॅलरीत उभं राहून मी भाच्याला मा.आ. ऐकवलं. तो "हं" म्हणाला. त्या "हं" मध्ये त्यानेही कुठेतरी मा.आ. लिहिलं असणार.

खोटं का बोलले?

खरं कारण असं आहे की मला गणित नको होतं. बस. २००० साली पुणे विद्यापीठाच्या एमपीएमला, म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटच्या कोर्सला, मी गेले, कारण एमबीए म्हटलं की फायनान्स, स्टॅट, सगळे आकडे डोळ्यांसमोर नाचायचे आणि पोटात कालवायचं. पर्सोनेल म्हणजे बोलणं, असा माझा समज. बोलायला मी बरी होते. कुठला ध्यास नाही, कुठली सेवा नाही. बारावीत गणिताला पस्तीसवर ढकललेली मुलगी पळून येऊन लपली ती या खात्यात.

बाबा तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्यांच्या कारखान्यात लेबर ऑफिसर शॉपमध्ये आला की माणसं विड्या विझवायची आणि गप्प बसायची. त्यांना आपली मुलगी ती दिसत असेल, जिला बघून लोक गप्प बसतात. दिसतेच आहे आता. कँटीनमध्ये माझं ताट टेबलावर आलं की बोलणं पावसावर जातं. बारा महिने पाऊस. मे महिन्यात पाऊस.

पण बाबांचं राहू दे.

बॅचमधले आम्ही बाकीचे तरी काय घेऊन आलो होतो? एकाच्या वडिलांची मुंबईतली गिरणी ८२ च्या संपानंतर परत उघडलीच नाही, तो कामगार कायदा शिकायला आला होता. आग होती त्याच्यात. आज तो मोठ्या जागेवर आहे आणि कंपनीच्या बाजूने करार करतो, उत्तम करतो. दोघींना घरून सांगितलं होतं की मुलींना बरं असतं, शिफ्ट नाही, ग्रीस नाही. एक इंजिनिअर शॉपला कंटाळून आला होता. आणि एकजण, हे त्याने फक्त मला सांगितलं, म्हणाला की मला सगळ्यांचे पगार कळायला हवेत. तेव्हा मी त्याला नावं ठेवली. पुढे माझ्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या तेव्हा कळलं. कुणाचा पगार किती, कुणी नॉमिनी कुणाला लावलंय, कुणाचं लग्न झालं तरी नाव अजून आईचंच आहे, कुणाच्या फॉर्मवर बायकोचं नाव खोडलंय. हे माहीत असण्याचा एक चोरटा आनंद असतो. तो कुणीच मुलाखतीत सांगत नाही.

बदनामी उगाच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लोक म्हणतात की तुम्ही मालकाची माणसं. आहोतच. आमच्या पगाराच्या स्लिपवर कामगाराची सही नसते. २०२० मध्ये, आधीच्या कंपनीत, मी एकच मजकूर टाइप करून त्याच्या प्रती काढल्या होत्या. 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' खाली सहीची जागा. एकाने पेन हातात घेऊन शांतपणे विचारलं, "मॅडम, वैयक्तिक कारण कोणतं लिहू?"

ते आज नको. त्याच्यावर वेगळी वही लागेल.

(पाणी प्यायला उठले.)

गंमत बघा, आमचं खातं निघालं ते भ्रष्टाचार मोडायला. एमपीएमच्या पहिल्या वर्षी सरांनी हे इतकं रंगवून सांगितलं होतं की अजून आठवतं. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असायची. त्याला दस्तुरी चारल्याशिवाय कामाला लागायचं नाही, लागलं तरी टिकायचं नाही, सुट्टीवरून परत आलं तर पुन्हा दस्तुरी. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने आपल्या अहवालात म्हटलं की भरती जॉबरकडून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४९ आलं. पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर कल्याण अधिकारी ठेवलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे माझी खुर्ची कामगाराला मुकादमाच्या तावडीतून सोडवायला मांडलेली. आणि आज? आज गेटवर कंत्राटदाराची पोरं रांगेत उभी असतात, त्यांच्या पगारातून कोण किती कापतो ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कंत्राटदाराच्या बिलावर सही माझी असते. जॉबर गेला नाही. त्याला जीएसटी नंबर मिळाला.

हे ओंकारला सांगायला हवं होतं का? त्याने जांभई दिली असती.

आता लिहिता लिहिता आठवलं, पेंट शॉपचे काका. २०१८ चा जून. कितीतरी दिवसांत आठवले नव्हते.

काका राजीनामा घेऊन आले. कोरेगावला शेत होतं, पेरणीच्या आत गावी जायचं होतं, शेवटचा दिवस १५ जून टाकलेला. मी फाइल उघडली. रुजू झाल्याची तारीख २९ डिसेंबर १९९६. माझा हात तिथेच थांबला. एकवीस वर्षं, साडेपाच महिने. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेला, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, खालचा सोडून देतात. म्हणजे काका १५ जूनला गेले तर एकवीस वर्षं आणि ३० जूनला गेले तर बावीस. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून त्यांचा २६ हजार होता. भागिले सव्वीस, कारण महिन्यातले चार रविवार वगळतात. गुणिले पंधरा. म्हणजे वर्षामागे १५ हजार. एकवीस वर्षांचे ३ लाख १५ हजार, बावीसचे ३ लाख ३० हजार. दोन आठवडे आणि पंधरा हजार रुपये. हे सगळं मी मनातल्या मनात केलं. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. मी! पस्तीस मार्कवाली!

समोर साहेब बसले होते, त्यामुळे उघड बोलता येईना. म्हटलं, "काका, तारीख तीस करा ना." ते म्हणाले, "कशाला?" म्हटलं, "करा हो." ते ताठच झाले. नंतर टाइम ऑफिसच्या बोळात गाठून मी सगळं हिशोबासकट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, यात तुमचा काय फायदा?"

काय सांगायचं? माझा खरंच काही फायदा नव्हता. आणि एचआरची बाई फुकटचं काही सांगत नसते हे त्यांना एकवीस वर्षांत कळलं होतं. माझ्या आधी त्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं होतं कुणास ठाऊक. दुपारी युनियनचे दोघं आले, "माणसाला अडवून धरता का?" मी फाइल त्यांच्यापुढे सरकवली आणि गप्प बसले. त्यांच्यातल्या एकाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मग दोघंही काही न बोलता गेले. संध्याकाळी काकांच्या अर्जावर तारीख ३० जून झाली होती.

निरोप समारंभात नारळ घेताना काका बोलले ते अजून कानात आहे. "युनियनने मला पंधरा हजार मिळवून दिले." टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. कार्यक्रमाची रांगोळी माझीच होती.

तेव्हा चांगलीच चिडले होते मी. घरी येऊन भांडी आपटली होती. आज हसू येतंय. पण त्या दिवशी फाइलवर हात थांबला तेव्हा जे वाटलं होतं, ते दुसऱ्या कुठल्या खात्यात मला वाटलं असतं का? माणसांची आवड तर ती नक्कीच नव्हती. काका मला आवडायचे नाहीत, खडूस होते. तारीख आवडली होती. कायद्याच्या एका फटीत कुणाचातरी पंधरा हजारांचा तुकडा अडकलेला आणि तो फक्त मला दिसतोय, हे आवडलं होतं. तसंच ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, त्या मुलाचं. पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय सुटतो, आणि त्याच्या आईचं ऑपरेशन चिंचवडला मोहननगरच्या हॉस्पिटलात ठरलेलं. तो बिचारा पगारवाढ नको म्हणून आला होता. ईएसआयचं सत्र एप्रिल ते सप्टेंबर. सत्र सुरू झाल्यावर पगार वाढला तर ते सत्र संपेपर्यंत संरक्षण राहतं. वाढीचं पत्र एप्रिलऐवजी मेपासून लागू झालं. एवढंच. एका महिन्याची वाढ गेली, आईचं झालं. त्यानेही पुढे मला गेटवर कधी ओळख दिली नाही.

म्हणजे गणितच की सगळं. पीएफचे १२ टक्के, बोनसचे ८.३३ टक्के, ईएसआयचे ०.७५ टक्के, ग्रॅच्युइटीचं पंधरा भागिले सव्वीस. ज्याला भिऊन पळाले तेच चोवीस वर्षं रोज समोर बसलंय. बाबांना हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. कदाचित.

साडेबारा वाजले. ओंकार जागा होता, हिरवा ठिपका दिसत होता. मेसेज टाकला:

"मगाशी खोटं बोलले. मला गणित नको होतं म्हणून घेतलं."

तीन ठिपके नाचले. थांबले. पुन्हा नाचले.

"माझंही तेच 😄 आईला सांगू नकोस प्लीज."

आणि लगेच दुसरा: "एचआरमध्ये गणित नसतं ना पण?"

मी टाइप करायला घेतलं, पंधरा भागिले... आणि पुसलं. ताईने समजवायला सांगितलंय त्याची हीच वेळ होती. एका ओळीत काम झालं असतं.

"झोप आता," लिहिलं. शुक्रवारी फॉर्म भरू दे. कंपनीतही ही असली माहिती आम्ही जॉइनिंगनंतरच देतो.