आमची वाटचाल : आधी वाजवून बघायचं, मग फोडायचं

आमचे आप्पा शहाबादी बसवणारे मिस्त्री. सांगलीत गावभागात, खणभागात त्यांनी बसवलेली फरशी अजून लोकांच्या पायाखाली आहे आणि मला ती लगेच ओळखू येते, कारण त्यांचे सांधे एकसारखे बारीक असायचे. ही फरशी कर्नाटकातनं गुलबर्ग्याच्या पट्ट्यातनं येते, ट्रकात उभी रचून, आणि उतरवतानाच पाच-दहा फुटतात त्या मोरीच्या कडेला नाहीतर पायरीला वापरायच्या, टाकायची एकही नाही असा आप्पांचा नियम. मी नववीपासून सुट्टीत त्यांच्या हाताखाली माल कालवायला जायचो.

२००८ ला स्वतःचं काम सुरू केलं. बायकोनं बचत गटातनं २० हजार उचलले, त्यात एक कटर, एक ग्राइंडर, एक हातगाडी आणि उरलेल्या पैशात पहिल्या कामाचं सिमेंट. तेव्हा सगळ्यांना दोन बाय दोन फुटाची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल हवी होती, गुजरातच्या मोरबीचा माल गावोगावच्या दुकानात यायला लागला होता आणि आम्हीपण जाईल तिथं आधी फोडायचो. ब्रेकर लावायचा, दोन दिवसांत घर उघडं, मग खाली मालाचा नवीन बेड, वर नवीन टाइल. कुणी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचो नाही.

२०११ मधलं एक काम मात्र माझ्या डोक्यातनं जात नाही. रिटायर्ड कंडक्टर, घर साडेतीनशे स्क्वेअर फूट, जुनी मोझॅक, जिथं उठबस जास्त तिथं खरबरीत झालेली, दोन-चार टाइल्स हललेल्या. बजेट २५ हजार, आणि ते २५ हजार म्हणजे त्यांच्याकडं असलेलं सगळं. आम्ही फोडलं. टाइल आणि खालचा माल मिळून तीन इंच धरा, साडेतीनशे फुटाचा हिशोब ८७ घनफूट होतो, म्हणजे घट्ट असताना जवळपास एक ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट), फोडून मोकळा झाला की सव्वा-दीड ब्रास राडारोडा. तो पोत्यात भरायचा, बोळातनं डोक्यावर बाहेर काढायचा कारण ट्रॅक्टर आत जात नव्हता, मग ट्रॉलीचं भाडं, मग गेलेली उंची भरून काढायला परत दगडाची कच आणि सिमेंट. बाहेरच्या खोल्या झाल्या आणि पैसे संपले. स्वयंपाकघर उघड्या कोब्यावर राहिलं, वर्षभर. काकू त्या धुळीत भाकरी करायच्या. मी थोडा माल उधारीवर दिला पण आमच्याकडंच तेव्हा काही नव्हतं.

पैसे संपले त्या रात्री बायकोनं एवढंच विचारलं, अहो ती फरशी खरंच काढण्यासारखी होती का? आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण मी बघितलंच नव्हतं. आप्पा शेजारीच बसले होते, ते म्हणाले, वाजवून बघितलीस का?

आप्पा कुठल्याबी घरात शिरले की काठीनं फरशी वाजवत जायचे, मला वाटायचं सवय आहे. पण खाली माल घट्ट असेल तर आवाज ठस्स येतो, पोकळ असेल तर डबडब. एक रुपयाच्या नाण्यानंपण कळतं. आता आम्ही तेच करतो, घराचा नकाशा वहीत काढायचा, पोकळ वाजेल त्या टाइलवर खडूची फुली, आणि फुल्या मोजायच्या. शंभरातल्या पाच-दहाच पोकळ असतील तर तेवढ्याच काढून परत बसवायच्या, बाकीची जमीन चांगली आहे. निम्म्याच्या वर फुल्या असतील, किंवा खोलीचा एक कोपरा खचलाय, बादली ओतली की पाणी तिकडंच पळतंय, तर मात्र फोडल्याशिवाय इलाज नाही आणि मग पैसे कमी आहेत म्हणून वरनं झाकायचं काम आम्ही घेत नाही.

मोझॅक नुसती मळलेली आणि खरबरीत असेल तर पॉलिश. लोकांना हे सुचतच नाही. वरचा दगडी चिप्सचा थर जाड असतो, वीस-तीस वर्षं पाय घासून त्याचा वरचा पापुद्रा गेलेला असतो बस्स. मशीनला आधी ६० नंबरचा दगड, मग १२०, २२०, ४०० असं चढत जायचं, मधे बारीक भोकं पांढऱ्या सिमेंटनं रंग मिळवून भरायची, शेवटी ऑक्झॅलिकची पावडर. पाणी आणि चिखल खूप होतो, मोरीच्या जाळीत आधी कापड कोंबा नाहीतर तो चिखल पाइपात जाऊन सिमेंटसारखा बसतो. नवीन टाइलच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं आणि चिप्सचे रंग वर आले की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ही तर आमच्या लग्नातली फरशी.

जमीन घट्ट आहे पण अगदीच नको वाटतेय, चिरा आहेत, तर टाइलवर टाइल. फोडणं नाही, राडारोडा नाही, घरच्यांना भाड्याची खोली बघायला लागत नाही. फक्त जमीन जवळपास अर्धा इंच वर येते, त्यामुळं दारं खालनं तासायला लागतात, उंबऱ्याची आणि मोरीची उंची आधी बघायची, मोरीत पाणी मुरत असेल तर तिथं वरनं टाइल कधीच नाही, आधी गळती काढायची. आणि साधी सिमेंटची स्लरी इथं चालत नाही, व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल, अर्धा टक्कासुद्धा नाही, मग सिमेंट धरणार कशाला? अॅडहेसिव्हच लागतं, म्हणजे टाइल चिकटवायची तयार पावडर, पोत्यावर आयएस १५४७७ छापलेलं आणि टाइलवर टाइलसाठी चालतं असं लिहिलेलं. २० किलोचं पोतं आम्हाला ४५-५० फुटाला पुरतं.

हे शिकताना चुका झाल्या आणि त्या लोकांच्या घरात झाल्या, याचं मला वाईट वाटतं. अॅडहेसिव्ह महाग म्हणून आम्ही सुरुवातीला टाइलच्या मागं चार कोपऱ्यांत आणि मधे एक असे लाडू लावायचो. मधली जागा पोकळ राहते, वर गॅसची टाकी आपटली की टाइल फुटलीच. आता दातेरी थापीनं पूर्ण ओढतो. दुसरं, गिऱ्हाइकाला रेघ दिसायला नको म्हणून टाइल टाइलला चिकटवून बसवली, ऐन एप्रिलमध्ये दुपारी फोन आला की मोठा आवाज होऊन मधली अख्खी ओळ तंबूसारखी उभी राहिली. उन्हानं टाइल फुगायला जागा मागते. तेव्हापासून दोन टाइलांमधे फट राहायला २ मिलिमीटरचा स्पेसर आणि भिंतीकडंला स्कर्टिंगच्या पट्टीखाली थोडी फट, कुणी कितीबी म्हणालं तरी. तिसरं सगळ्यात वाईट. मोरीकडं जाणाऱ्या पॅसेजमध्ये चकचकीत टाइल घातली आणि त्या घरातल्या आजी ओल्या पायानं घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. टाइल त्यांच्या मुलानंच पसंत केली होती, पण सांगायचं काम माझं होतं. तो पॅसेज आम्ही आमच्या खर्चानं मॅट टाइलचा केला. तेव्हापासनं पाण्याच्या वाटेवर ग्लॉसी टाइल आमच्याकडनं मिळणार नाही.

मधल्या काळाबद्दल फार सांगत नाही. नोटाबंदीत दोन महिने कामं थांबली, २०१७ ला टाइल्सवर जीएसटी २८ टक्के होता तो नोव्हेंबरात १८ झाला तेव्हा जरा दम आला.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आम्ही काम केलेली कितीतरी घरं पाण्यात. पाणी उतरल्यावर बोटभर चिखल, भांडी-गाद्या रस्त्यावर, आणि जमिनी बघितल्या तर वरनं टाइल शाबूत पण चालताना डबडब, कारण खालचा मुरमाचा भराव भिजून बसलेला. लोकांना लगेच करून पाहिजे होतं, साहजिक आहे, सगळं गेलेलं असताना निदान जमीन तरी स्वच्छ दिसावी. मी थांबा म्हणालो. साधी परीक्षा आहे, दोन बाय दोनचा प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी काढून बघायचं, खालनं घाम आला असेल तर जमीन अजून ओली आहे. काही घरांत डिसेंबरपर्यंत घाम येत होता. आमची बरीच कामं त्यात गेली, लोकांनी दुसऱ्याकडनं करून घेतलं, काहींनी स्वस्तात व्हिनाइलचा रोल अंथरला आणि महिन्याभरात खाली कुबट वास, कडा वर. त्यांना दोष नाही देत मी, पण पैसे दोनदा गेले.

त्यावेळी एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. आप्पांनी बसवलेल्या शहाबादीच्या घरात लोकांनी पाइपनं चिखल धुतला, सांधे परत भरले आणि त्याच आठवड्यात चूल मांडली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, परत तसंच. म्हणून नदीकडच्या भागात तळमजल्याला शहाबादी असेल तर मी काढू देत नाही, भांडतो अक्षरशः. हललेल्या फरश्या काढून भराव ठोकून परत बसवा, पॉलिश करा, आणि अॅसिड टाकू नका, हा चुन्याचा दगड आहे, अॅसिड त्याला खातं. नुसत्या चिंचेच्या पाण्याचापण डाग पडतो. काढायचीच वेळ आली तर फरशी विकू नका, परसात, पायरीला, धुण्याच्या दगडाभोवती लावा.

आता पैशाचं. दोन बाय दोन म्हणतात ती खरी ६०० मिलिमीटरची, चार टाइल्सचा बॉक्स भरतो साडेपंधरा फूट, सोळा नाही. साडेतीनशे फुटाला साधारण २३ बॉक्स, तुटफुटीचे धरून २५. सोळाच्या हिशोबानं घेतलं की शेवटी एक बॉक्स कमी पडतो आणि दुसऱ्या बॅचचा आणला की शेड वेगळी दिसते, म्हणून बॉक्सवरचा बॅच नंबर आधीच बघून घ्यायचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गॅसच्या दरामुळं मोरबीचे कारखाने महिनाभर बंद होते तेव्हा तर तोच माल परत मिळेना, तीन घरं अर्धी राहिली. पैसे कमी असतील तर दुकानात उरलेले लॉट असतात, पाच बॉक्स हे, सात बॉक्स ते, एका खोलीला एक लॉट असं जमवलं तर निम्म्यात होतं आणि वाईट अजिबात दिसत नाही. आणि एकदम सगळं घर करायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? स्वयंपाकघर आणि पॅसेज आधी, कारण बाईमाणूस दिवसभर तिथं उभं असतं. झोपायची खोली शेवटी.

सध्या खणभागात एका काकूंचं काम चालू आहे. शिवणकाम करतात, घरात त्या आणि नातू. वाजवून बघितलं, फुल्या फक्त अकरा आल्या, तेवढ्या काढून घट्ट केल्या आणि वरनं मॅट टाइल घ्यायचं ठरलं, भिशी लागेल तसं एकेक खोली. स्वयंपाकघर झालं, मशीनची खोली मागच्या महिन्यात झाली, मशीनचे पाय हलायला नकोत म्हणून तिथं लेव्हल दोनदा बघितली. तिसरी खोली दिवाळीनंतर. तिच्यासाठी त्याच बॅचचे आठ बॉक्स माळ्यावर ठेवलेत, वर बायकोनं खडूनं काकूंचं नाव लिहिलंय, म्हणजे पोरं चुकून दुसऱ्या कामाला नेणार नाहीत.