तीसपट झूम आणि ऐरोलीचे रोहित

शनिवारी सकाळी साडेसहाला काका ठाणे स्टेशनात, ट्रान्स हार्बरच्या फलाटावर माझ्या आधी येऊन उभे होते. डोक्यावर टोपी, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये छत्री. मार्चमध्ये छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी नाही गं, तुझ्या कॅमेऱ्यासाठी." त्याचा अर्थ पुढे बोटीत कळला.

कॅमेरा अजून माझा नव्हता. ऑफिसमधल्या एका मित्राने त्याचा छोटा कॅमकॉर्डर विकायला काढला होता. नऊ हजार सांगत होता, आणि आठ दिवस वापरून बघ म्हणून हातात ठेवला होता. मुठीत मावतो, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. घरात सगळ्यांचा एकच प्रश्न: फोन असताना हे कशाला? प्रश्न रास्तच आहे. माझा फोन फोर-के चित्रीकरण करतो आणि हा त्याहून कमी बारकाव्याच्या फुल एचडीवर थांबतो. म्हणून त्याला अशा जागी न्यायचं ठरवलं, जिथून मी सलग दोन वर्षं फोनमध्ये फ्लेमिंगोंचे फक्त गुलाबी ठिपके घेऊन परतले होते.

नवी मुंबईतल्या ऐरोली स्टेशनहून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठलं. आधी तिवरांमधली लाकडी पायवाट आणि मग बोटीचा धक्का. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे दर दिवशी वेगळ्या. पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खायला उतरतात, पण पाणी फारच उतरलं तर बोट रुतते. या दोन्हींच्या मधल्या वेळात आपल्याला जायचं असतं.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, हे काकांना माझ्या आधीपासून माहीत होतं. मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही इथे येतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद, काळपट लाल. 2015 साली ठाणे खाडीचा 1690 हेक्टरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि 2022 साली ही खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. एका बाजूला ऐरोलीच्या इमारती, दुसऱ्या बाजूला भांडुप-कांजूरचा किनारा, डोक्यावरून विजेच्या तारा, आणि मधल्या चिखलात हे पाहुणे. दरवर्षी पाहते, तरी दरवर्षी छाती भरून येते.

बोट थव्याच्या फार जवळ नेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. थवा एकदा उठला की पक्ष्यांची खाण्याची वेळ वाया जाते. पण मग आपल्या आणि त्यांच्यात बरंच पाणी उरतं आणि तिथेच फोन हरतो. माझ्या फोनचं खरं भिंग पाचपटीपर्यंत जातं, पुढचं सगळं चित्र ताणून मोठं केलेलं. कॅमकॉर्डरला तीसपट झूम आहे आणि तो भिंगाचा झूम आहे. स्थिर कॅमेऱ्याच्या भाषेत बोलायचं तर भिंगाचा पल्ला साधारण 27 मिलिमीटरपासून 800 मिलिमीटरपर्यंत. एवढी पल्लेदार लेन्स मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर लावायची तर तिपाई आली आणि खर्च लाखांत गेला. इथे सगळं तर्जनीखालच्या एका छोट्या खटक्यावर. हळू दाबला तर हळू, जोरात दाबला तर झपकन.

बोट चालवणाऱ्या दादांनी इंजिन बंद केलं. मी खटका पूर्ण दाबला आणि पडद्यावर एकच छोटा रोहित उरला. मान खाली, चोच उलटी करून पाण्यात बुडवलेली, घसा भराभर हलतोय. पाय जागच्या जागी थपथप करून चिखल ढवळत होते. चोचीच्या कडेने गाळलेलं पाणी बाहेर पडताना दिसलं. जीभ पंपासारखी चालते आणि चोचीतल्या गाळणीत शेवाळ अडकतं, हे मी वाचलेलं होतं. त्या शेवाळातल्या रंगद्रव्यामुळेच पिसं गुलाबी होतात. पण ते पाणी गळताना माझ्या डोळ्यांनी मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं.

आणि लगेच चित्र डळमळायला लागलं.

"पूर्ण झूमवर जाऊ नकोस," काका म्हणाले. "तीस आहे म्हणून तीस वापरायचं नसतं. पंधरावर ये. कोपर बरगडीला लाव. श्वास सोड, मग बटण दाब. आणि मनात दहापर्यंत मोज, त्याच्या आधी कॅमेरा हलवायचा नाही."

काकांनी आमच्या घराण्यातली सगळी लग्नं, मुंजी, बारशी मिनी-डीव्हीवर, म्हणजे छोट्या कॅसेटच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, टिपली आहेत. त्यांच्या हाताची ही सवय मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नसती. भिंग हलवून धक्का खाणारी यंत्रणा या कॅमेऱ्यात आहे आणि ती चांगली आहे, पण ती हाताचा कंप खाते, बोटीचं डुलणं नाही. इंजिन चालू असताना तर सगळं चित्र जेलीसारखं थरथरतं, कारण सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी चिप, चित्र एकदम न टिपता ओळी-ओळीने टिपतो. तेव्हा झूम पूर्ण मागे घ्यायचा, हाच उपाय.

आता छत्री. या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, फक्त बाजूला उघडणारा पडदा. ऊन चढलं तसा त्यात माझाच चेहरा दिसायला लागला. काकांनी छत्री उघडून माझ्या खांद्यावर टेकवली आणि सावलीत पडदा पुन्हा जिवंत झाला. जुन्या मिनी-डीव्हीला ती खिडकी होती. कॅमेरा लहान करताना ती गेली, आणि माझ्या मते हे या कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं उणं आहे.

दुसरं उणं आवाजाचं. बाहेरचा माइक जोडायला जागाच नाही, आणि खाडीवरचा वारा थेट कॅमेऱ्याच्या जाळीत घुसतो. थव्याची बदकांसारखी दबकी कलकल मला हवी होती, रेकॉर्डिंगमध्ये आली ती घरघर. काकांनी चहाच्या थर्मासभोवती गुंडाळलेल्या लोकरी मोज्यातून बोटभर तुकडा कापला आणि चिकटपट्टीने जाळीवर बसवला. पुढच्या तुकड्यांमध्ये कलकल ऐकू येते. स्वच्छ नाही, पण येते.

उजेडाचं गणित मात्र आमच्या बाजूने होतं. सूर्य पारसिकच्या डोंगरामागून वर आलेला, म्हणजे आमच्या पाठीशी, आणि पक्षी समोर पश्चिमेला. तरी काळ्या चिखलावरच्या पांढऱ्या-गुलाबी पिसांचा कॅमेऱ्याने चुना केला. उजेड हाताने दोन पायऱ्या खाली उतरवला तेव्हा पिसांमधल्या रेषा दिसल्या. त्याआधी बोट सुटताना, अर्धवट उजेडात तिवरांचं जे चित्रण केलं होतं, त्यात नुसते दाणे आहेत. नखाहून लहान सेन्सरकडून अंधारात जास्त मागता येत नाही. तिथे फोन सरळ जिंकतो. घरातल्या दिव्यात, रात्रीच्या जेवणात, गणपतीच्या आरतीत मी फोनच काढेन.

परत आल्यावर ठाण्यात, नौपाड्यात काकांकडेच जेवले आणि लॅपटॉपवर सगळं उतरवून घेतलं. 38 मिनिटांचं चित्रण, सेकंदाला 50 मेगाबिट या दर्जात, म्हणजे सव्वाचौदा जीबी. दहा मिनिटांत कार्ड रिकामं. काका बघतच राहिले. त्यांच्या काळात तासाची कॅसेट संगणकात घ्यायची तर पूर्ण तासभर चालवावी लागायची.

मग त्यांनी कपाटातून चपलेचा एक खोका काढला. त्यात बावीस मिनी-डीव्ही कॅसेट, प्रत्येकीवर काकूच्या अक्षरात नाव आणि तारीख. काकू जाऊन सहा वर्षं झाली. काकांच्या जुन्या कॅमेऱ्याचं टेपचं दार बंद पडलंय आणि दोन कॅसेटच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत. आपल्या दमट हवेत असं होतंच. माझ्या बारशाच्या कॅसेटमध्ये काकूचा ओव्यांचा आवाज आहे आणि तो गेल्या दहा वर्षांत कोणी ऐकलेला नाही.

दिवसभर मी झूम, सेन्सर, माइक तोलत होते. त्या खोक्यासमोर वाटलं, फाइल दोन ठिकाणी ठेवता येते, एवढं तरी आपल्या हातात आहे. तिथेच बसून आजची सगळी फाइल वेगळ्या डिस्कवर कॉपी केली आणि ती डिस्क काकांच्या कपाटात ठेवली.

मित्राला फोन करून जादा बॅटरीसकट साडेआठ हजारांवर व्यवहार ठरवला. मिनी-डीव्ही चालवणारा एक जुना कॅमेरा डोंबिवलीत एकांकडे आहे, तोही चार दिवसांसाठी मागितलाय. बुरशीच्या दोन कॅसेट सोडून बाकीच्या वीस त्यावर चालवायच्या, बारशाची सगळ्यात आधी. आणि ओहोटीची वेळ बघून दोन आठवड्यांनंतरची बोटीची दोन तिकिटं काढली आहेत. काकांनी बजावलंय, या वेळी दहा नाही, पंधरापर्यंत मोजायचं.